युद्धखेळांतील समतोल : राक्षसभुवनच्या निमित्ताने

बीड जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. निजामअली काही सैन्यासह नदी उतरून गेला होता; दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच राहिला होता. नदीला पूर असल्याने त्याला कुमक मिळू शकली नाही. माधवराव पेशवे व राघोबादादा यांच्या सैन्याने त्याचा पराभव केला, आणि तो स्वतः रणात पडला.

ही लढाई पटावर मांडावयाची झाल्यास आरंभीच एक अडचण येते. ज्या पक्षाचा पराभव जवळजवळ निश्चित आहे, तो पक्ष घेऊन खेळावयास कोण बसेल? जॉन हिल यांच्या ‘स्क्वॉड लीडर’ (१९७७) या खेळात तुकडी-तुकडीच्या चकमकींचे १२ प्रसंग होते. अशा खेळातील प्रत्येक प्रसंगात दोन्ही पक्षांचे बळ, पटाची मांडणी, पाळ्यांची संख्या व विजयाची अट ही ठरवून दिलेली असतात. समतोल साधावयाचा तो या चार अंगांनीच.

लोकप्रिय प्रसंगांत उभय पक्षांचे विजय निम्मेनिम असतात, असे सामान्यतः मानले जाते. खेळणारे समतोल प्रसंगच पुनःपुन्हा निवडतात, हे त्याचे एक कारण होय. परंतु दुसरे कारण निव्वळ गणिती आहे. सर्वस्वी समतोल प्रसंग दहा वेळा खेळला, तर निकालांचे १,०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी ३५२ क्रमांत, म्हणजे सुमारे ३४ टक्के वेळा, कोणता तरी एक पक्ष सात किंवा अधिक डाव जिंकतो. तोच प्रसंग ४०० वेळा खेळला, तर एका पक्षाचे विजय बहुधा १८० ते २२० यांच्या दरम्यान पडतात. अर्थात क्वचित खेळलेला प्रसंग विषम दिसतो, तो पुष्कळदा केवळ नोंदी थोड्या म्हणून. लोकप्रियता व समतोल यांचा संबंध सिद्ध करण्यापूर्वी हा संख्याजन्य विखुरलेपणा वजा केला पाहिजे.

बोलींच्या अभ्यासकालाही हा विवेक आवश्यक आहे. एखाद्या गावी दहा निवेदकांपैकी सात जणांनी एक रूप वापरले, एवढ्यावरून ते तेथील प्रचलित रूप ठरत नाही.

राक्षसभुवनचा प्रसंगही समतोल करता येईल, मात्र विजयाची अट बदलून. विठ्ठल सुंदरच्या पक्षाने लढाई जिंकावी अशी अपेक्षा न ठेवता, ठराविक पाळ्यांपर्यंत तीर राखावा एवढीच अट घालता येईल. अशा खेळात समतोल असतो तो अटीत, इतिहासात नव्हे. आणि तो साधला की नाही, याचा निर्णय दहा डावांवरून करता येत नाही.