प्रश्नाची धूळपाटी कुठे मांडावी?

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही हॉस्टेलात स्टॅक ओव्हरफ्लोवर पहिला प्रश्न टाकून हात पोळलेला एक तरी जण सापडतोच. रात्री प्रश्न टाकला, पाच मिनिटांत दोन उणे मतं, खाली एक तुटक कॉमेंट, आणि चहा पिऊन येईपर्यंत प्रश्नावर ‘क्लोज्ड’चा शिक्का. मग सिनिअर म्हणतो, “अरे, आधी कुठंतरी दाखवून घ्यायचास ना!” सल्ला खोटा नाही. फक्त कुठं दाखवायचा हे त्यालाही धड सांगता येत नाही, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवूड यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं आणि पुढे त्यातूनच स्टॅक एक्स्चेंजचं जाळं उभं राहिलं. गणित, स्वयंपाक, इंग्रजी व्याकरण, कोडी, अशा कितीतरी विषयांची स्थळं त्यात आली. या सगळ्यांचा हिशोब सुरुवातीपासून असा आहे, की प्रश्न विचारणारा एक असतो आणि तोच प्रश्न शोधत पुढे येणारे शेकडो असतात. उत्तरं त्या शेकडोंसाठी साठवायची आहेत. म्हणून इथे प्रश्न नीट लिहिला जाण्याला एवढं महत्त्व आहे, आणि म्हणूनच कच्च्या प्रश्नाचं काय करायचं हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे.

‘कच्चा प्रश्न आधी मेटावर किंवा चॅटमध्ये टाकायचा’

हा सल्ला देणारे बहुतेक जण जुने सदस्य असतात. स्वतः नवे होतो तेव्हा आपल्याला काय काय बंद होतं, हे ते विसरून गेलेले असतात.

प्रत्येक स्थळाला ‘मेटा’ नावाचं एक जोडस्थळ असतं. स्थळाचे नियम, तक्रारी, धोरणं यांची चर्चा तिथे चालते. पण मेटावर लिहायला किमान ५ रेप्युटेशन (इतरांच्या मतांतून खात्यावर जमणारे गुण) लागतं आणि चॅटमध्ये बोलायला सहसा २०. नवीन खातं सुरू होतं १ वर. म्हणजे ज्याला मदतीची सर्वात जास्त गरज आहे, नेमक्या त्यालाच दोन्ही दारं बंद. ज्याला ती उघडी आहेत, त्याला प्रश्न कसा लिहायचा हे बऱ्यापैकी कळलेलं असतं.

शिवाय मेटावरच्या मतांचा अर्थ वेगळा. तिथे उणे मत म्हणजे बऱ्याचदा ‘मला हे पटत नाही’ एवढंच. आणि मेटावर एखाद्या प्रश्नाची लिंक दिली, की तिथली अनुभवी, चिकित्सक मंडळी त्या प्रश्नावर एकदम जाऊन पोचतात. चांगला प्रश्न असेल तर वर जातो, लंगडा असेल तर आणखी खाली. याला तिथे ‘मेटा इफेक्ट’ असंच म्हणतात. बंद झालेल्या प्रश्नाबद्दल ‘यात काय कमी आहे?’ असं मेटावर विचारणं रास्त आहे. पण न टाकलेल्या प्रश्नाची तपासणी करून घ्यायला ती जागा फारशी सोयीची नाही.

‘धूळपाटी सगळ्याच स्थळांना हवी’

मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. तोच शब्द इथेही चालेल. स्टॅक एक्स्चेंजवर अशा धूळपाट्या खरोखर आहेत, पण मोजक्याच ठिकाणी, आणि त्या तिथेच का रुजल्या हे पाहण्यासारखं आहे.

सर्वात भरभराटीची धूळपाटी ‘कोड गोल्फ’च्या मेटावर आहे. कोड गोल्फ म्हणजे दिलेलं काम कमीत कमी बाइट्सच्या प्रोग्रॅममध्ये करून दाखवण्याची स्पर्धा. इथला प्रश्न म्हणजे अडचण नसतेच, ते असतं आव्हान. आता समजा कोणी लिहिलं, ‘फिबोनाची मालिकेतली एन-वी संख्या छापा.’ वाचायला सोपं. पण मालिका ० पासून धरायची की १ पासून? एन शून्य असू शकतो का? उत्तरामागे रिकामी ओळ आली तर चालेल? फार मोठ्या संख्येला प्रोग्रॅमची भाषाच अपुरी पडली तर? यातलं एकही सांगितलं नाही, तर पहिल्या तासात दहा जण दहा अर्थ काढून उत्तरं देतात. मग आव्हान देणारा नियम सुधारायला जातो, आणि त्या सुधारणेनं आधीची सहा उत्तरं बाद होतात. एकेक बाइट वाचवण्यासाठी डोकं फोडलेली माणसं असतात ती. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे.

म्हणून तिथे तालीम लागते. मेटावर एक लांबलचक धागा आहे, त्यात प्रत्येकानं आपलं आव्हान मसुदा म्हणून टाकायचं, इतरांनी त्यातल्या पळवाटा शोधायच्या, काही दिवस ते तसंच राहू द्यायचं, आणि मग पक्कं करून मुख्य स्थळावर न्यायचं. नेल्यावर धूळपाटीवरचा मसुदा पुसून टाकायचा. काल्पनिक जगं रचणाऱ्यांच्या ‘वर्ल्डबिल्डिंग’ या स्थळाच्या मेटावरही अशी सोय आहे. कारण जवळपास तेच. ‘दोन चंद्र असलेल्या ग्रहावर भरती कशी येईल?’ या प्रश्नात चंद्रांचं वस्तुमान आणि अंतर दिलं नाही, तर उत्तराऐवजी नुसता कल्पनाविलास हाती येतो.

थोडक्यात, पहिलं उत्तर आल्यावर जिथे प्रश्नाला हात लावता येत नाही, तिथे धूळपाटी स्वतःचं मोल वसूल करते. ‘माझ्या लूपमध्ये एरर येतेय’ या प्रश्नाला तीन दिवस धूळपाटीवर वाळत घालण्यात काही अर्थ नाही. तोवर असाइनमेंटची मुदत टळलेली असते.

इथलाच एक उपगैरसमज असा, की धूळपाटीवर कोणी चूक काढली नाही म्हणजे मसुदा निर्दोष. तसं नसतं. धूळपाटी नेमानं वाचणारे मूठभर असतात. त्यांचं मौन म्हणजे बऱ्याचदा, कोणी वाचलंच नाही.

‘उणे मत पडलं की डिलीट करून नवा प्रश्न टाकावा’

हा गैरसमज सर्वात महागात पडतो. प्रश्नाला उणे मत पडलं की २ रेप्युटेशन जातं, पण रेप्युटेशन १ च्या खाली उतरत नाही. म्हणजे अगदी नव्या माणसाचं त्या अर्थी काहीच जात नाही. उलट अधिक मत मिळालं तर १० मिळतात. (२०१९ पर्यंत प्रश्नाला ५ च मिळत.) खरा धोका वेगळाच आहे. एकामागून एक वाईट प्रश्न टाकणाऱ्यावर यंत्रणा प्रश्नबंदी घालते, आणि त्या हिशोबात डिलीट केलेले प्रश्नही धरले जातात. पुसून नवा टाकणारा स्वतःच्या खात्यावर एकाऐवजी दोन डाग लावून घेतो.

‘क्लोज्ड’ म्हणजे हाकललं, असंही नाही. अर्धवट प्रश्नावर अर्धवट उत्तरं पडू नयेत म्हणून उत्तरांचं दार तात्पुरतं लावलेलं असतं. प्रश्न तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो आणि पुन्हा उघडण्यासाठी तपासणीच्या रांगेत जातो. मात्र फार दिवस घालवू नयेत. बंद झालेला, मतं नसलेला, उत्तर नसलेला आणि नऊ दिवस कोणी हात न लावलेला प्रश्न यंत्रणा आपणहून काढून टाकते.

एक पथ्य मात्र आहे. उत्तर आल्यानंतर प्रश्नाचा मूळ गाभा बदलायचा नाही. एक अडचण सुटली की त्याच प्रश्नात दुसरी घुसवणाऱ्यांना तिथे सरड्याची उपमा देतात, आणि ती काही कौतुकानं दिलेली नसते.

‘इंग्रजी कच्चं म्हणून प्रश्न मारला जातो’

आपल्याकडची मुलं हे फार मनाला लावून घेतात. स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही. इंग्रजीत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, हे खरं. पण व्याकरण ही तिथे सर्वात सहज दुरुस्त होणारी गोष्ट आहे. २००० रेप्युटेशनवाला कोणीही तुमची वाक्यं थेट सुधारतो, त्याखालचे सुधारणा सुचवतात. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘थँक्स इन अ‍ॅडव्हान्स’ आणि ‘अर्जंट’ हे तर ते आधी उडवतात. यात अपमान काही नाही, मजकूर तेवढा ठेवायचा अशी तिथली रीत आहे. जी माहिती तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे, ती मात्र दुसरा कोणी भरू शकत नाही. प्रश्न मार खातात ते तिथे.

उदाहरण घेऊ. पहिला मसुदा असा : ‘पायथनमध्ये मराठी दिसत नाही. कचरा येतो. लवकर सांगा.’

आता याला फक्त वस्तुस्थिती विचारत जाऊ. मराठी कुठून आलं? पांडाजच्या टेबलमधून, ते सीएसव्ही फाइलमध्ये लिहिलं. दिसत नाही म्हणजे कुठे? एक्सेलमध्ये उघडल्यावर. तीच फाइल नोटपॅडमध्ये? नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसतं! आणि कचरा म्हणजे नेमकं काय? ‘मराठी’ या शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला परदेशी ‘ए’ पुन्हा पुन्हा, मधे नोंदणीचं गोलातलं चिन्ह, अंशाचं चिन्ह, पाऊणचा अपूर्णांक, आणि शेवटी येन नि युरो.

इथवर आलं की प्रश्न जवळजवळ सुटतो. नोटपॅडमध्ये नीट दिसतं म्हणजे फाइल चांगली आहे, पायथननं आपलं काम केलं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं, आणि एक्सेल ते तीन बाइट्स जुन्या पाश्चात्त्य संकेतानं तीन सुटी अक्षरं म्हणून वाचतं. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची ओळखखूण हवी. पायथनमध्ये फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ती पडते. आणि एवढं नेमकं कळल्यावर शोधायला गेलं, की हा प्रश्न कितीतरी आधी विचारून, उत्तर मिळून बसलेला दिसतो.

मसुदा तपासण्याचा सर्वात मोठा फायदा म्हणजे प्रश्न विचारावाच लागत नाही, हा. प्रोग्रॅमर लोक टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला कोड ओळीओळीनं समजावून सांगतात, ती युक्ती हंट आणि थॉमस यांच्या १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’मुळे प्रसिद्ध झाली. बदकाला रेप्युटेशन लागत नाही.

‘एआयकडून लिहून घेतला की काम झालं’

स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ मध्ये एआयनं लिहिलेल्या मजकुरावर बंदी घातली, आणि त्या धोरणात नुसती शब्दरचना बदलून घेणंही धरलेलं आहे. नियम बाजूला ठेवला तरी अडचण उरतेच. वरच्या उदाहरणात फाइल नोटपॅडमध्ये कशी दिसते हे एआयला माहीत नाही. ते गुळगुळीत इंग्रजीत तोच पोकळ प्रश्न लिहून देईल. तुम्हाला उलट प्रश्न विचारायला त्याला सांगितलंत, तर गोष्ट वेगळी. मग मसुदा तुमचाच राहतो.

‘नवख्यांना शिकवून उपयोग नसतो’

होतो, आणि तो मोजलेला आहे. डेने फोर्ड आणि सहकाऱ्यांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरच महिनाभराचा एक प्रयोग केला. त्याचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नवखा माणूस प्रश्न लिहीत असतानाच त्याला एका मदतकक्षाकडे वळवायचं, तिथे अनुभवी सदस्य त्याच्याबरोबर मसुदा दुरुस्त करणार, असा तो प्रयोग. अशा प्रश्नांना मिळालेली सरासरी गुणसंख्या बाकीच्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं ‘स्टेजिंग ग्राउंड’ आणलं, तेही याच वाटेनं. नव्या सदस्याचा प्रश्न आधी तिथे जातो, अनुभवी लोक कॉमेंटमधून काय हवं ते सांगतात, उणे मतं पडत नाहीत, उत्तरं देता येत नाहीत, आणि प्रश्न तयार झाला की तो पुढे सोडला जातो.

माझ्या मते जागेच्या वादाचा निकाल या दोन प्रयोगांतच आहे. नवख्यांची धूळपाटी मेटाच्या आडबाजूला नको, प्रश्न लिहायच्या पानालाच लागून हवी. ती शोधावी लागता कामा नये आणि तिथे जायला रेप्युटेशन लागता कामा नये. उणे मतांचा बाजारही तिथे नको. अडचण उरते ती माणसांची. मसुदे तपासणारे सगळे स्वयंसेवक, त्याचं श्रेय जवळजवळ शून्य, आणि ज्याला उत्तर येतं त्याला मसुदा सुधारत बसण्यापेक्षा उत्तर देऊन मोकळं व्हायची घाई. जुन्यांच्या प्रश्नांना या रांगेत उभं करू नये, हेही त्यामुळेच. आधीच हात कमी आहेत.

हात मिळेपर्यंत आपल्याकडे कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. तिथे ‘कोणाला पायथन येतं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. तुमच्या प्रोजेक्टशी काही संबंध नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला मसुदा पाठवा, आणि उत्तर मागू नका. ‘हे वाचून माझी अडचण काय आहे ते तुझ्या शब्दांत मराठीत सांग,’ एवढंच म्हणा. ती जिथे “म्हणजे काय?” म्हणेल, तिथे एक ओळ, एररचा मजकूर किंवा कोडचे चार शब्द वाढवा. तिला जे लागलं नाही, ते काढून टाका. शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. तोवर अडचणीचं खरं नाव तुम्हालाही कळलेलं असतं.