रोजच्या वापरातली माती : लेखांक ९ – कप पाझरतो, म्हणून टाकू नका

आज आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, कसा रचतात ते सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण भिंगारच्या एका बाईंचा प्रश्न आला आहे आणि तो मला सोडवत नाही. मातीचा नवा कप त्यांनी रात्री भरून ठेवला. सकाळी पाणी कमी झालेलं आणि टेबलावर ओलं वर्तुळ. त्या विचारतात, ‘आमच्या नगरचे निजामशाहीतले खापरी नळही मातीचेच होते. ते चालले, मग कपच का गळावा?’

कपाला तडा असता तर पाणी एकाच जागी ठिबकलं असतं. इथे सगळ्या अंगाला दमट लागतंय, म्हणजे कप पाझरतोय. बिनझिलईच्या कपाने पाझरावंच. कुंभार मातीत राख आणि लीद मळतो. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. आव्याच्या सातशे-आठशे अंशांच्या धगीत माती कायमची पक्की होते, पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पण तिचे कण वितळून छिद्रं बुजण्याइतकी ती धग नसते. या छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगावर येतं आणि वाऱ्याने उडून जातं.

खापरी नळ मात्र जमिनीखाली, चुन्याच्या बांधकामात बसवलेले. तिथे वारा नाही, ऊन नाही. भिजलेली खापरी भिजलेलीच राहते. कपाच्या बुडाखालीही वारा पोचत नाही, म्हणून ओल तिथे साचते. कप जाळीवर ठेवा, वर्तुळ उमटणार नाही.

या पाझरण्यानेच पाणी गार होतं. एक ग्रॅम पाणी उडून जायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. ती सगळी कपातल्या पाण्यातूनच गेली, तर पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी जवळपास तीन अंशांनी उतरतं. आजूबाजूची हवा थोडी उष्णता परत देते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. तरी नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो ओठांना कळतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कप निम्मंही काम करत नाही.

पाझर किती असावा, हे टिचकी सांगते. कप कोरडा असताना काठावर नखाने मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आला तर कप चिरलेला किंवा कच्चा. आतून बोट फिरवल्यावर गाळ लागला तर कच्चाच, तो परत करा. आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला, पुरातत्त्वज्ञ संकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. तिथली तीन हजार वर्षांपूर्वीची लाल वाडगी आणि तोटीची भांडी, बिनझिलईची असूनही, टिचकीला धातूसारखी वाजतात. इतकी उत्तम भाजणी आजच्या बाजारात मला क्वचित दिसते, याचं वाईट वाटतं.

काही दिवसांनी कपाबाहेर पांढरी पूड दिसेल. तो लोणा, आपल्या जड पाण्यातला क्षार. नारळाच्या शेंडीने घासा, साबण लावू नका. छिद्रांत शिरलेला साबण पुढच्या घोटाला चव देतो. व्हार्निश तर मुळीच नको, मग मातीचा कप घेतलाच कशाला? आणि दुधाचा चहा या कपात ओतू नका. छिद्रांत राहिलेलं दूध आंबतं आणि तो वास उन्हात ठेवूनही सहजी जात नाही. चहाला वेगळा कप घ्या, पिऊन झाला की फोडून कुंडीच्या तळाशी घाला.