जुनेराची गोधडी, चिंधीची बाहुली

गोधडीचे कापड दुकानातून आणले जात नाही, ते घरात जुने होऊ द्यावे लागते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले, कुठेकुठे विरलेले लुगडे किंवा धोतर, म्हणजेच जुनेर, हा गोधडीचा कच्चा माल. जालना जिल्ह्यात घरोघरी चालणारे बायकांचे शिवणकाम या जुनेराच्या गाठोड्यातूनच निघते. गोधडी, तान्ह्या बाळाची दुपटी, कुंची, चिंध्यांची बाहुली या सगळ्यांचे मूळ एकच. लोकरीचे विणकाम तेवढे शाळा-मासिकांच्या वाटेने घरात आले. गेल्या दोन पिढ्यांत या कामाचे रूप पालटले, त्यामागे हौस किंवा फॅशन फारशी नाही. अंगावरचे कापड बदलले आणि त्यापाठोपाठ गोधडीही बदलली.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा झाला. परतूरचा भाग परभणीतून आला. काळी जमीन, कपाशी, सरकी-गठाणींचा व्यापार आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेला हैदराबाद-मनमाड लोहमार्ग यांवर जालन्याची बाजारपेठ वाढली. संकरित बियाण्यांसाठी देशभर ओळखली जाणारी महिको ही कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच सुरू केली. अशा कापसाच्या मुलखात गोधडीत मात्र कापूस जवळपास नसतोच. नवा कापूस हे विकायचे पीक, तो घरात ठेवणे परवडत नाही. गादी किंवा रजई भरायची असेल तर पिंजाऱ्याकडून तो धनुकलीवर पिंजून घ्यावा लागतो. शिवाय पिंजलेला कापूस पाण्यात घातला की गोळा होतो, म्हणून रजई उन्हात टाकतात, धूत नाहीत. कापडावर कापड ठेवून शिवलेली गोधडी दगडावर आपटून धुता येते. शेतातून येणाऱ्या, मातीच्या जमिनीवर झोपणाऱ्या घराला हाच गुण मोलाचा. हवामानाचाही यात वाटा आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. तेवढ्या थंडीला चार-पाच पदर पुरतात.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटरच्या आसपास. पन्हा सव्वा मीटरच्या थोडा आत. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरहून किंचित लांब भरतो. म्हणजे एकट्या माणसाच्या गोधडीचा वरचा पदर, खालचा पदर आणि आतले दोन थर एकाच लुगड्यातून सुटतात. काठ कापून बाजूला ठेवतात, ते शेवटी कडेला लावायला होतात. सहावारी साडी साडेपाच मीटरची. तिच्यातून असे दोनच पूर्ण पदर निघतात, उरलेला सव्वा-दीड मीटर आत भरीला जातो. नऊवारीकडून सहावारीकडे वळलेल्या घरात एका गोधडीला पूर्वीच्या दुप्पट वस्त्रे लागू लागली.

काम उन्हाळ्यातले. रब्बीची रास घरी आली, शेतात हाताला काम उरले नाही की चैत्र-वैशाखाच्या दुपारी ओसरीत गोधडी शिवायला पडते. सारवलेल्या जमिनीवर खालचा पदर ताणून पसरतात, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा किंवा दगड ठेवतात. त्यावर शर्ट, परकर, धोतर यांचे उसवून सपाट केलेले तुकडे मांडायचे. शिवणी, बटणे, खिशांची जाड पट्टी काढून टाकायची, नाहीतर सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. तुकडे एकमेकांवर चढू न देता कडेला कड लावून बसवणे हे खरे कसब. कुठे फट राहिली तर तिथून थंडी शिरते, कुठे घडी पडली तर तिथे गाठ होते. वरचा पदर घालून मोठ्या टाक्यांनी सगळे पदर आधी कच्चे टाचून घेतात.

मग धावदोरा. मराठवाड्यात सर्रास दिसणारी रीत अशी की कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन काढत आत जायचे. चार बाजूंनी चार बायका बसल्या तरी ओळ मोडत नाही, प्रत्येकीने आपली बाजू शिवायची आणि कोपऱ्यावर दोरा वळवायचा. ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले तर एकेरी गोधडीवर धावदोऱ्याची वाट सुमारे ११५ ते १२० मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर ही साडेअकरा-बारा हजार टाक्यांची मजुरी झाली. टाके घट्ट ओढले तर गोधडी आक्रसते, सैल सोडले तर धुताना आतले थर सरकतात. जुन्या हाताची गोधडी ओळखायची ती उलट बाजूने: तिथेही टाका तेवढाच पडलेला असतो.

चौकोनात शिवत जाण्याची ही पद्धत एकट्या महाराष्ट्राची म्हणता येत नाही. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही शिवण कडेकडून आत जाते आणि कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाच्या कापडी त्रिकोणांचा साज असतो. बंगालच्या कांथ्यात धावदोरा चित्रे काढतो. मराठी गोधडीत चित्र क्वचित. तिची नक्षी ठिगळांच्या रंगातून आणि शिवणीच्या ओळींतून जेवढी होईल तेवढीच. मंठा-परतूर भागात बंजारा तांडे आहेत, त्यांच्या भरतकामात आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्याची दाट वीण येते. पण तो थाट फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर असतो. महाराष्ट्राच्या गोधड्यांचे सचित्र दस्तऐवजीकरण गीता खंडेलवाल यांनी पुस्तकरूपाने केले आहे. अशी पुस्तके फार थोडी, कारण गोधडी जपून ठेवायची वस्तू कधी नव्हतीच. झिजली की ती नव्या गोधडीच्या पोटात जाते, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची गोधडी हाती लागणे अवघड.

भाद्रपदात घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची रीत आहे. कुंडलिका, दुधना, पूर्णा, गोदावरीचे काठ आणि विहिरींचे कट्टे तेव्हा गोधड्यांनी भरतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकांनी पिळतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी हे धुणे राहते. २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्याने तीव्रतेने सोसला. पिण्याला टँकर असताना गोधडीला पाणी कुठून येणार?

घटस्थापना-दिवाळीनंतर गोधडी प्रवासालाही निघते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे भांडीकुंडी आणि गोधड्या घेऊन कारखान्यांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. उसाच्या फडात, पाणी सोडलेल्या रानाशेजारी थंडी गावापेक्षा जास्त झोंबते आणि कोपीत आडोसा म्हणजे पाचटाचा. इथे कापडाचा प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. सुताचे लुगडे घाम आणि दमट हवा शोषून घेते, ठिणगी पडली तर भोक पडून जळते. पॉलिस्टरची साडी शोषत नाही आणि जळताना वितळून कातडीला चिकटते. चुलीच्या उबेला झोपणाऱ्या घरात हा फरक जीवावर बेतू शकतो. पॉलिस्टरच्या बाजूनेही बोलायला हवे: ते लवकर वाळते, रंग सोडत नाही, स्वस्त मिळते, वर्षानुवर्षे विरत नाही. पण विरत नाही म्हणूनच त्याचे जुनेर होत नाही. गुळगुळीत पदर शिवताना निसटतात, टाचण दाट घालावे लागते, आणि गोधडी पहिल्या दिवशी असते तशीच कडक राहते.

हाताचे सर्वांत नाजूक काम बाळंतविड्यात दिसते. माहेरहून बाळ-बाळंतिणीसाठी जाणाऱ्या या गाठोड्यात झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि दुपटी असतात. बारशापर्यंत बाळाला जुन्या कपड्यात ठेवण्याच्या रूढीला व्यवहाराचा आधार आहे: जुनेरात खळ उरलेली नसते आणि शिवणी रुतत नाहीत. दुपट्याला दोन-तीनच पदर, तेही आजीच्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे. टाका बारीक, गाठ पदरांच्या आत दडवलेली. कुंची डोके आणि पाठ एकदम झाकते, हनुवटीखाली बंद बांधले की वारा लागत नाही.

दुपट्यातून उरलेल्या चिंधीची बाहुली होते. हातभर कापडाची गुंडाळी मधोमध दुमडायची, दुमडीखाली दोरा आवळला की डोके तयार. आडवी दुसरी गुंडाळी घालून हात, डोक्याला काळ्या दोऱ्याचा अंबाडा, काजळाने डोळे, कुंकवाने ओठ. अंगावर लुगड्याच्या काठाची पट्टी नेसवली की ती भातुकलीत बसायला मोकळी. पोट भरायचे असेल तर कापसाची बोंडे वेचताना पडलेला कवडी कापूस चालतो. चेहरा साधा ठेवण्यात शहाणपण आहे, दोन ठिपक्यांची बाहुली हसतेही आणि रडतेही. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुली खरी शिवण शिकत, कारण नवऱ्या मुलीचे कपडे मोठ्या बायका शिवून देत नसत.

या बाहुल्यांचा इतिहास जमिनीत सापडायचा नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे नाते आहे. हस्तिदंत टिकला. त्याच गावातल्या मुलींच्या चिंध्यांच्या बाहुल्या, असल्याच तर, दर पावसाळ्याला भिजणाऱ्या काळ्या मातीने केव्हाच खाल्ल्या. इजिप्तच्या कोरड्या वाळूने मात्र अशी एक बाहुली राखली. रोमन काळातली, जाड्याभरड्या लिनन कापडाची आणि चिंध्या व पपायरस भरलेली ती बाहुली आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

लोकरीची गोष्ट वेगळी. धनगर दख्खनी मेंढ्या पाळतात, पण त्यांची लोकर राठ आणि तुटक. ती घोंगडीसाठी मागावर विणायला योग्य, बाळाच्या अंगावर टोचते. सुयांवरचे विणकाम एकोणिसाव्या शतकात युरोपीय घरांतून आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून देशात पसरले, पुढे शाळेतल्या हस्तकलेने आणि महिला मासिकांत छापलेल्या नमुन्यांनी ते मध्यमवर्गीय घरांत रुजवले. आज दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक. ते मऊ आहे, आटत नाही, कसर लागत नाही, पण आगीजवळ पॉलिस्टरसारखेच वितळते. सुयांचे नंबर आपल्याकडे जुन्या इंग्रजी पद्धतीचे, आकडा वाढला की सुई बारीक. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. तिच्यावर बारीक लोकरीचे दहा सेंटिमीटरमध्ये २८ च्या आसपास टाके बसतात, म्हणून तान्ह्या बाळाच्या स्वेटरची पाठ साठ-पासष्ट टाक्यांवर सुरू होते. खालची पट्टी बारा नंबरवर, एक सुलट एक उलट, म्हणजे ती अंगाला धरून बसते. विणलेल्या वस्तूचा मोठा फायदा असा की मूल वाढले की ती उसवून त्याच लोकरीचा मोठा स्वेटर घालता येतो. जुनेराची काटकसर इथे दुसऱ्या रूपाने आली.

बाजार या कामापर्यंत उशिरा पोहोचला. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढे २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांनी बचत गट उभे केले, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत गोधड्या, बाहुल्या आणि क्रोशाची तोरणे विक्रीला आली. विकायच्या गोधडीला गिऱ्हाईक जुने कापड घेत नाही. म्हणून वर नवे सुती कापड आणि आत तयार कपड्यांच्या कारखान्यातले कातरण किंवा मऊ भरण येते. मशीनवर ती दिवसभरात होते, हाताने पंधरवडा जातो. पण दोन्हींच्या किमतीत तेवढा फरक पडत नाही, आणि तोटा हाताच्या शिवणीच्या वाट्याला येतो. उलट शहरात आईच्या साड्यांची गोधडी करून मागणारे आहेत. कापड त्यांचे, शिवणारीला फक्त मजुरी. ही मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर ठरते. शिवणीची लांबी आणि ओळींमधले अंतर मोजून ती ठरली, तर बारा हजार टाक्यांची गोधडी आणि चार हजार टाक्यांची गोधडी एका भावाने जाणार नाहीत.