धावपट्टी झाली, तरी विमान का येत नाही?

राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत एक वाक्य पाठ झालेलं आहे : ‘एकदा धावपट्टी होऊ द्या, मग बघा विमानं कशी येतात ते!’ प्रचारसभेत, व्यापारी संघाच्या निवेदनात, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर, सगळीकडे तेच. ऐकायला बरं वाटतं, पण आकडे वेगळंच सांगतात.

शंका असेल त्याने लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेवरचा ‘कॅग’चा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, २०२३ चा अहवाल उघडावा. बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांपर्यंत ७७४ हवाई मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यापुढेही मार्च २०२३ पर्यंत तग धरला तो अवघ्या ५४ मार्गांनी. त्या तीन वर्षांत ठरावीक आसनांचे दर बांधलेले असतात आणि कंपनीची तूट सरकार भरून देतं. हा आधार सुटला की मार्गाची खरी परीक्षा सुरू होते.

सोलापूरचंच घ्या. तिथे वर्षानुवर्षं एकच कारण सांगितलं जायचं : सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. सुमारे ९० मीटर उंच, विमानांच्या वाटेत. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जून २०२३ मध्ये स्फोटकं लावून चिमणी पाडली. मग विमान कधी आलं? जून २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल दोन वर्षांनी. आणि ते गेलं गोव्याला. मुंबईचं विमान त्याच्याही नंतर सुरू झालं, तेही राज्य सरकारने तूट भरून द्यायचं मान्य केल्यावर. चिमणी हा अडथळा होता, पण एकमेव नव्हता.

सिंधुदुर्गात तर चिमणीही नव्हती. तिथल्या चिपी विमानतळाची अडीच किलोमीटरची धावपट्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये खुली झाली. सव्वा वर्षाने, जानेवारी २०२३ मध्ये, सीमेपलीकडे गोव्यातल्या मोपाहून उड्डाणं सुरू झाली. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर, शिवाय तिथे विमानं जास्त. चिपीची सवलतीची तीन वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली आणि मुंबईचं विमान बंद पडलं. विमानतळाचे प्रवासी जिल्ह्याच्या नकाशावरून मोजायचे नसतात. घरातून निघालेला माणूस कुठल्या बाजूला वळतो, ते बघायचं असतं.

आता थोडं गणित. ७० आसनांचं एटीआर विमान रोज एकदा जाऊन आलं, तर वर्षभरात ५१,१०० आसनं होतात. मुंबई विमानतळाने २०२४-२५ मध्ये सुमारे साडेपाच कोटी प्रवासी हाताळले, म्हणजे दिवसाला दीड लाख. जिल्ह्याच्या विमानाची वर्षभराची सगळी आसनं भरली, तरी तेवढी माणसं मुंबईत आठ तासांत ये-जा करतात.

आणि जिल्ह्यातल्या विमानतळांचं घोडं अडतं ते याच मुंबईत. तिथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. एवढ्यावर ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवशी १,०३२ विमानांची ये-जा झाली. सरासरी दीड मिनिटही उसंत नाही. अशा ठिकाणी उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाचा. ७० जणांच्या विमानालाही एक स्लॉट लागतो आणि दोनशे जणांच्या विमानालाही एकच. कंपनी तो नांदेडला देईल की दिल्लीला, हे सांगायला ज्योतिषी नको. मग जिल्ह्याच्या वाट्याला भरदुपारची वेळ येते. सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परतणारा माणूस ती घेत नाही, आसनं रिकामी जातात आणि ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा बसतो. टपरीवर मात्र तोवर नवी मागणी तयार असते : धावपट्टी वाढवा!

बाकीचे गैरसमज झटपट उरकता येतील.

‘दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ चालत नाही.’ चालतो. २००८ च्या धोरणानुसार केंद्र सरकार प्रत्येक प्रस्ताव तपासून परवानगी देऊ शकतं.

‘नवी मुंबई सुरू झाल्यावर जुना विमानतळ बंद होणार.’ २००८ मध्ये बेंगळुरू आणि हैदराबादला नियमित प्रवासी उड्डाणं जुन्या विमानतळांवरून नव्यांवर हलवली, त्यातून ही समजूत पसरली. मुंबईत दोन्ही विमानतळ चालवण्याचंच नियोजन आहे.

‘नाइट लँडिंग म्हणजे दिवे लावायचे.’ दिव्यांबरोबर आसपासच्या अडथळ्यांची पाहणी, रात्रपाळीची माणसं आणि डीजीसीए या नियामक संस्थेची मंजुरीही लागते.

‘पुण्यात लोहगावचा विमानतळ असताना पुरंदरचा नवा कशाला?’ कारण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानांना तिथे पाहुण्यासारखं राहावं लागतं.

नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. पूर्ण झाल्यावर नऊ कोटींची. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या समांतर आखल्या आहेत. म्हणजे जिल्ह्यांचा स्लॉटचा प्रश्न सुटला? अर्धाच, आणि उरलेला अर्धा मॉन्ट्रियलने पन्नास वर्षांपूर्वी भोगला आहे. कॅनडातल्या त्या शहरासाठी १९७५ मध्ये मिराबेल हा प्रचंड विमानतळ सुरू झाला, परदेशी विमानं तिकडे नेली आणि देशांतर्गत विमानं जुन्या डोर्व्हालला ठेवली. एका विमानातून उतरून दुसरं गाठायला शहराबाहेरचा फेरा पडू लागला, तेव्हा प्रवाशांनी टोरांटोचा रस्ता धरला. २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं थांबली आणि २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं.

सोलापूरचं विमान नवी मुंबईला उतरलं आणि दुबईचं सहारच्या जुन्या विमानतळावरून सुटणार असेल, तर बॅगा घेऊन टॅक्सीत बसलेला प्रवासी वाशीच्या खाडीपुलावर घड्याळ बघत बसेल. कुठल्या जिल्ह्याचं विमान कुठे, किती वाजता उतरणार आणि त्याला पुढचं विमान तिथूनच मिळणार का, हे निवेदनात पहिल्या ओळीत विचारायला हवं. धावपट्टीची लांबी खाली लिहिली तरी चालेल.