ड्रायव्हरच्या शोधातली चाळीस वर्षं

लिनक्ससाठी प्रिंटर घेणारा माणूस दुकानात सर्वांत आधी ड्रायव्हरचं विचारतो. ड्रायव्हर मिळतो म्हटलं की त्याचं समाधान होतं. पण छपाईचं तंत्र गेल्या चार दशकांत कसकसं बदलत गेलं ते क्रमाने पाहिलं, तर याच प्रश्नाने अनेकांना फसवलेलं दिसतं. ज्यांचा ड्रायव्हर खुद्द कंपनीने रीतसर दिला होता, असे प्रिंटर काही वर्षांत निकामी झाले. आणि ज्यांच्या कंपनीने लिनक्सचं नावही काढलं नव्हतं, असे कित्येक आजही मुकाट्याने छापत आहेत. प्रिंटरला स्वतःला कोणती भाषा समजते यावर सारं ठरत होतं. ती भाषा जाहीर असेल, तिचे नियम कुणालाही वाचता येत असतील, तर संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे याने फारसं अडत नाही. ती कंपनीच्या कपाटात बंद असेल, तर प्रिंटर विकत घेऊनही त्याची किल्ली कंपनीकडेच राहते.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा इतिहास सांगताना रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रिंटरची गोष्ट हटकून येते. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या यंत्राच्या प्रणालीत स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती, की कागद अडकला तर छपाईची वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर निरोप जावा. नव्या यंत्राचा मूळ कोड मात्र मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता त्याने गोपनीयतेचा करार पुढे करून नकार दिला. हा नकार मनात राहिलेल्या स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची आता दंतकथा झाली आहे, पण तिच्यातला एक तपशील सहसा निसटतो: तो प्रिंटर छापत होता, आणि चांगला छापत होता. वाद होता तो बिघाड झाल्यावर दुरुस्तीचा हक्क कुणाकडे, याचा. पुढच्या काळातल्या प्रत्येक वादात हाच मुद्दा वेगवेगळ्या रूपांत परत येतो.

ॲडोबीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा आणली आणि पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर ती घेऊन बाजारात उतरला. त्याची किंमत होती ६,९९५ डॉलर आणि त्याच्यातला प्रोसेसर शेजारच्या मॅकिंटॉशपेक्षा वेगवान होता. पानाचा मजकूर वाचून त्याचे ठिपके करण्याचं सगळं काम प्रिंटर स्वतःच करत असे, म्हणून ही किंमत. युनिक्सच्या जगाने पोस्टस्क्रिप्टला आपलंसं केलं, कारण तिचे नियम पुस्तकात छापलेले होते. एल. पीटर डॉइच यांच्या १९८८मध्ये आलेल्या घोस्टस्क्रिप्टने तीच कामगिरी संगणकावर करून दाखवली. कार्यक्रमांनी पोस्टस्क्रिप्ट लिहायची, घोस्टस्क्रिप्टने तिचे ठिपके करून साध्या प्रिंटरला समजेल अशा भाषेत द्यायचे. लिनक्सवरची छपाई पुढे कित्येक वर्षं या एका प्रकल्पाच्या खांद्यावर उभी होती.

मग स्वस्ताई आली. संगणक वेगवान झाले तसं नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून उत्पादकांच्या लक्षात आलं, की प्रिंटरमधला महागडा प्रोसेसर काढून टाकता येतो; ठिपके करण्याचं काम विंडोजवरच्या ड्रायव्हरकडे सोपवलं की झालं. प्रिंटर निम्म्याहून अधिक मुका झाला, पण किंमत उतरली. भारतातल्या कार्यालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत, डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं दिसणारे कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे याच जातीचे. मजबूत, काटकसरी, सुटे भाग कुठेही मिळणारे. लिनक्सवर मात्र दोघांनीही छळलं. कॅननने लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, पण त्याचा गाभा बंद आणि ३२ बिटांचा; संगणक ६४ बिटांचे झाल्यावर जुन्या लायब्ररी शोधून जोडत बसण्याची वेळ आली. लेझरजेट १०२० तर बंद केला की स्वतःचं फर्मवेअरही विसरतो, आणि चालू केल्यावर दर वेळी संगणकाने ते त्याला पुन्हा पाठवावं लागतं. एचपीच्या मुक्त ड्रायव्हरसोबत त्यासाठी एक बंद प्लगइन लागतं, आणि ड्रायव्हरची आवृत्ती बदलली की प्लगइनही नव्याने उतरवावं लागतं. लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही प्रिंटरच्या बाबतीत ‘हो’ असंच होतं.

इथे कुणी म्हणेल, की स्वयंसेवकांनी ड्रायव्हर लिहूनच तर लिनक्सला तारलं, मग ड्रायव्हरला नावं का ठेवायची? आक्षेप रास्त आहे. ग्रँट टेलर यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेली आणि पुढे टिल काम्पेटर यांनी सांभाळलेली प्रिंटरची सूची हा त्या काळातला खरा मार्गदर्शक होता. तिच्यात प्रिंटरची प्रतवारी असे आणि सर्वांत खालच्या वर्गाचं नाव होतं ‘पेपरवेट’. इंकजेटसाठी गुटेनप्रिंट या खुल्या ड्रायव्हरांच्या प्रकल्पाने केलेलं काम तर काही वेळा कंपनीच्या ड्रायव्हरच्या तोडीचं होतं. पण टिकून राहिले ते ड्रायव्हर पाहा: ज्यांचा कोड खुला होता आणि जे डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत सामील झाले, तेच. २०१२ साली रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला तेव्हा हा फरक ढळढळीत दिसला. खुले ड्रायव्हर त्याच्या एआरएम प्रोसेसरसाठी नव्याने कंपाइल झाले. इंटेलच्या चिपसाठी बांधलेले बंद ड्रायव्हर जिथल्या तिथे राहिले. तेव्हा ड्रायव्हर आहे एवढं पुरत नाही, तो कुणाच्या हातात आहे तेही पाहावं लागतं. आणि खुल्या ड्रायव्हरच्याही मागे कुणीतरी रात्री जागून बंद भाषेचा उलगडा केलेला असतो. बाजारात रोज नवं मॉडेल येत असताना ही शर्यत जिंकणं शक्यच नव्हतं.

सुटका आली ती वेगळ्याच दिशेने. मायकल स्वीट यांच्या कप्स या छपाईप्रणालीने १९९९पासून इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, पायाशी धरला. त्यात प्रिंटरला विचारता येतं, की तुला कोणते कागद चालतात, रंग येतो का, दोन्ही बाजूंनी छापतोस का. ॲपलने २००२ साली कप्स आपल्या मॅकमध्ये घेतलं आणि २००७ साली त्याचा कोडच विकत घेतला. तरीही घरगुती प्रिंटर बनवणाऱ्यांना आयपीपीची घाई नव्हती. घाई झाली ती २०१०च्या नोव्हेंबरात, आयफोनवर थेट छपाईची एअरप्रिंट ही सोय आल्यावर. फोनमध्ये शेकडो ड्रायव्हर कोंबता येत नाहीत, म्हणून प्रिंटरनेच स्वतःची ओळख सांगावी आणि ठरलेल्या स्वरूपातलं पान स्वीकारावं अशी अट आली. २०१३ साली कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी फोनवरून छपाईसाठी मोप्रिया ही संघटना काढली, ड्रायव्हरविना छपाईचं आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानकही त्याच वर्षीचं. लिनक्सच्या वापरकर्त्यांनी वीस वर्षं विनवण्या करून जे मिळालं नाही, ते फोनच्या ग्राहकाने न मागता मिळवून दिलं. या योगायोगाचं श्रेय चळवळीने घेऊ नये, पण फायदा जरूर घ्यावा. डेबियनच्या २०२१च्या आवृत्तीपासून यूएसबीने जोडलेले, पण आयपीपी समजणारे प्रिंटरही ड्रायव्हरविना चालू लागले. त्याच धर्तीवर स्कॅनरचीही सोय झाली. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२३ साली जाहीर केलं, की इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवलं जाईल.

ड्रायव्हरविना छपाईवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला किमतीचा: असा प्रिंटर महाग पडतो. एकेकाळी पडत होता. आता वाय-फाय असलेल्या बहुतेक साध्या मॉडेलांत एअरप्रिंट असतंच, आणि पैसे वाचवायला फक्त यूएसबीचं सर्वांत स्वस्त मॉडेल उचलणारा त्याच जुन्या सापळ्यात पाय घालतो. दुसरा दर्जाचा, आणि तो मान्य करावा लागतो. छायाचित्रं छापणाऱ्याला शाईचं नियंत्रण, कागदानुसार रंगांची जुळणी हवी असते. सर्वांसाठी ठरवलेलं मानक तितकं बारकाईत शिरत नाही. त्याने गुटेनप्रिंटची यादी पाहूनच खरेदी करावी. तिसरा सुरक्षेचा. २०२४च्या सप्टेंबरात कप्सच्या परिवारातल्या भागांत गंभीर त्रुटी उघड झाल्या: नेटवर्कवरून कुणीही खोटा प्रिंटर पुढे करावा आणि त्यावर छपाई झाली की संगणकावर हवी ती आज्ञा चालवावी. नेटवर्कवर प्रिंटर शोधणाऱ्या कार्यक्रमाने येईल त्यावर विश्वास ठेवला, ही चूक नव्या पद्धतीचीच. पण आज्ञा प्रत्यक्ष चालली ती जुन्या ड्रायव्हरांसाठी राखून ठेवलेल्या वर्णन-फायलींच्या वाटेने. कप्सच्या पुढच्या पिढीत या फायली काढूनच टाकायचं आधीपासून ठरलेलं आहे. जुन्या प्रिंटरांना भंगारात घालवू नये म्हणून त्यांच्यासाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ लिहिली जात आहेत. ती जुन्या यंत्राच्या वतीने बाहेरच्या जगाशी आयपीपीत बोलतात.

तेव्हा आज खरेदी करताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाचं चिन्ह आहे का ते पाहावं. लिनक्सचा उल्लेख नसला तरी बहुतेकदा चालतं. मात्र मानकाची हद्द पानापाशी संपते. २०१६च्या सप्टेंबरात एचपीच्या काही इंकजेट प्रिंटरांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिज अचानक नाकारली. ओरड झाल्यावर कंपनीने तो अडसर काढणारं फर्मवेअर दिलं, पण कार्ट्रिजवरच्या चिपची ही पद्धत गेली नाही. कोणती शाई चालेल हे ठरवणारा कोड प्रिंटरच्या आत असतो, आणि तो बदलण्याचा अधिकार लिनक्स वापरणाऱ्याला विंडोजवाल्याइतकाच आहे, म्हणजे मुळीच नाही. शाई वरून ओतायच्या टाकीचे प्रिंटर भारतात इतके खपले त्यामागे किंमत हे मुख्य कारण असलं, तरी चिपचा हा जाच त्यांच्यात बराच कमी आहे, आणि एप्सनसारख्या कंपनीने आपल्या इंकजेटसाठी खुल्या परवान्याचा ड्रायव्हरही दिलेला आहे.