कासाबे : विषारी कंदाची भाकरी

मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी असली की त्या दिवशी रांग दुप्पट होते. उपवास असो वा नसो! पण हा साबुदाणा येतो कुठून? आपल्याकडचा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातून, आणि तो बनतो कसावा नावाच्या कंदाच्या स्टार्चपासून. या कंदाचं माहेर मात्र दक्षिण अमेरिका. तिथे त्याची चक्क भाकरी होते. तिचं नाव कासाबे.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर स्पॅनिश लोकांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. त्यातले काही पळाले आणि त्यांनी स्वतःची तटबंदीची गावं वसवली. सान बासिलिओ दे पालेंके हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी इथल्या आदिवासींची कासाबे आपलीशी केली. पीठ नाही, यीस्ट नाही, तेल नाही, वरून पाणीसुद्धा नाही. फक्त कंद आणि तवा. सोपं वाटतं ना? थांबा.

अडचण अशी, की कसावाच्या कडू जातींत लिनामरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. कडू कंदात सायनाइडचं प्रमाण किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतं. कसावाच्या पिठासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे १० मिलिग्रॅम. म्हणजे ही भाकरी करायची तर आधी विष काढायचं. आणि हे काम लोक रसायनशास्त्राचं पुस्तक यायच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. कसं, ते आपल्या भाषेत पाहू.

पहिली पायरी, किसणे. लिनामरिन आणि त्याला फोडणारं एन्झाइम कंदात वेगवेगळ्या जागी असतात. किसल्यावर पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि सायनाइड मोकळा होतो. म्हणजे आधी विष बाहेर यायला लावायचं! तुम्ही म्हणाल, सरळ अख्खा कंद उकडला तर? तिथेच फसगत आहे. उष्णतेने एन्झाइम मरतं, लिनामरिन मात्र टिकून राहतं, आणि बरंचसं कंदातच उरतं.

दुसरी पायरी, पिळणे. सायनाइड पाण्यात विरघळतो, तेव्हा रस काढला की विषही जातं. कुठे किस पोत्यात भरून त्यावर वजन ठेवतात. पण खरी गंमत आहे विणलेल्या नळीत. कोलंबियाच्या अ‍ॅमेझॉन भागात तिला माताफ्रिओ म्हणतात, व्हेनेझुएलात सेबुकान, तर होंडुरासमधल्या आफ्रो-आदिवासी गारिफुनांकडे रुगुमा. तिरक्या विणीची ही लांब नळी किसाने भरून आखूड-जाड करायची, वरचं टोक तुळईला टांगायचं आणि खालचं वजनाने किंवा तरफेने ओढायचं. मेकॅनिकलवाल्यांनो, इथे लक्ष द्या. विणीच्या पट्टीचा अक्षाशी कोन थीटा धरला, तर नळीचं घनफळ साइन वर्ग थीटा गुणिले कोसाइन थीटा यांच्या प्रमाणात असतं. ते सर्वांत जास्त होतं सुमारे ५४.७ अंशांना. तिथून नळी ओढली की कोन कमी होतो, घनफळ घटतं आणि रस बाहेर पडतो. रोबोटिक्समधला मॅक्किबन स्नायू याच भूमितीवर चालतो. डिग्री नसलेल्यांनी केलेलं हे डिझाइन!

तिसरी पायरी, भाजणे. पिळलेला गोळा मोकळा करून चाळायचा आणि तापलेल्या तव्यावर पातळ पसरायचा. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश, त्यामुळे उरलासुरला वायू उडून जातो. किसात उरलेल्या ओलाव्यात ६०-७० अंशांच्या आसपास स्टार्च फुगून चिकट होतो आणि कण एकमेकांना धरतात. गव्हात ग्लूटेन करतं ते काम इथे स्टार्च करतो. उलटून दुसरी बाजू भाजली, वरून ऊन दाखवलं, की कडक कासाबे महिनोन्‌महिने टिकते. म्हणून तर स्पॅनिश लोकांनी जहाजावरची शिदोरी म्हणून ती उचलली. कोलंबियाच्या सिएनागा दे ओरो गावात खोबरं, साखर आणि बडीशेपेसारखं अनीस भरून तिचा गोड कासाबितो करतात.

आता यातली एखादी पायरी घाईत उरकली तर? मोझांबिकमध्ये उन्हात बरेच दिवस वाळवून विष घालवायची पद्धत होती. १९८१ च्या दुष्काळात भुकेल्या लोकांना तेवढा धीर धरणं परवडलं नाही. शरीराला सायनाइड निकामी करायला प्रथिनांतलं गंधक लागतं, आणि आहारात प्रथिनंही नव्हती. हजाराहून जास्त लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, पायांनी कायमचे अधू झाले. त्या रोगाचं नाव कोंझो. कंद तोच, माणसंही जाणती. चुकला फक्त वेळ.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कासाबे करण्याची परंपरा वारसा यादीत घेतली. क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएला या देशांच्या नावावर. कोलंबियाचं नाव त्यात नाही, पण तिथले तवे तापलेलेच आहेत.

आपण प्रोसेस शिकतो ती फ्लो चार्टमधून, आणि प्रॅक्टिकलला वेळ कमी पडला की रीडिंग्ज 'अ‍ॅडजस्ट' करतो. त्या किनाऱ्यावरची आजी तसं करत नाही. इतका वेळ का थांबायचं, हे नातीने विचारलं तर ती कदाचित सायनाइड हा शब्द सांगू शकणार नाही. पण थांबायचं म्हणजे थांबायचंच, हे तिला पक्कं ठाऊक असतं. पुढच्या एकादशीला खिचडीच्या रांगेत उभे राहाल तेव्हा तिची आठवण काढा.