नडगीचं दुखणं आणि काकतालीय न्याय
गडचिरोली-चंद्रपुरात आपली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. जाहिरात निघाली की सराव एकदम वाढतो, नडगी दुखते, मग हाडवैद्य. कट्ट असा आवाज होतो, चार दिवसांत बरं वाटतं. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ! यालाच आम्ही काकतालीय न्याय म्हणतो. ते चार दिवस धावणंही बंद होतं, हे कोण मोजतो? अमेरिकेत १८९५ साली निघालेल्या कायरोप्रॅक्टिकचंही तेच. कंबरेला त्यानं कधी आराम पडतो; नडगीवरचा भार तेवढाच राहतो. फिजिओथेरपिस्ट तो भार उतरवतो, पोटरी बळकट करून हळूहळू पुन्हा वाढवतो. कंटाळवाणं आहे, खरं. पण बोटाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग चोळणं नको, धावणं नको. आधी डॉक्टरकडे जायचं.